साखर उतरत नसेल, तर हिरड्याही दाखवा

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा रिपोर्ट हातात पडला की बरेच जण काउंटरवरच विचारतात, "गोळ्या वेळेवर घेतो, भात कमी केला, रोज चालतो, मग आकडा खाली का येत नाही?" याची कारणं अनेक असतात आणि ती तुमच्या डॉक्टरांनीच शोधायची. पण त्यातलं एक कारण सहसा कुणाच्या ध्यानीमनी नसतं, म्हणून हे पत्रक रिपोर्टसोबत देत आहोत. ते कारण म्हणजे हिरड्यांचा आजार. आमच्या लॅबमध्ये दातांचं काही होत नाही. तरीही हे तुम्हाला कळायलाच हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ब्रश नीट पोहोचत नाही तिथे, दात आणि हिरडीच्या सांध्यात, जंतूंचा चिकट थर साचतो. लाळेतल्या क्षारांमुळे तो काही दिवसांत टणक होतो. दातांवरचा पिवळट कीट तो हाच. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मधली फट खोल होत जाते. निरोगी हिरडीत ही फट 1 ते 3 मिलिमीटर असते. ती 4 मिलिमीटर किंवा जास्त भरली, तर दंतवैद्य सावध होतात. तोंडातल्या अशा सगळ्या फटींचा आतला सुजलेला भाग जोडला तर कित्येक चौरस सेंटीमीटरची जखम होईल. एवढी जखम पायाला असती तर मधुमेह असलेला माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. हिरडी बहुधा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते.

या सुजेमुळे तयार होणारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद कमी पडते, जखम लवकर भरत नाही आणि हिरड्या आणखी बिघडतात. 1993 मध्ये हाराल्ड लो या दंतसंशोधकांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं, ते यामुळेच.

उपचारांनी फरक पडतो का? कॉक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या 2022 च्या आढाव्यात 35 चाचण्या आणि तीन हजारांहून जास्त रुग्ण एकत्र तपासले गेले. हिरड्यांच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.43 ने उतरलं. म्हणजे 8.2 चं साधारण 7.8. प्रत्येकाचं इतकंच उतरेल असं नाही, आणि यामुळे गोळी बंद करायची नाही.

ब्रश करताना रक्त येणं, तोंडाला वास, हिरडी खाली सरकल्याने दात लांब दिसणं, दात हलणं, यातलं काहीही असेल तर दंतवैद्यांना दाखवा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांनी रक्ताची वाट पाहू नये. मशेरी लावणाऱ्या ताई-मावशींना कळकळीची विनंती: ती भाजलेली तंबाखूच आहे. दात घासायला ती नको.

"साफ केले की दात हलायला लागतात," हे आम्ही घरोघरी ऐकतो. खरं तर दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीट त्या जागेत बसलेला असतो. कीट निघाला की फट जाणवते, एवढंच.

दंतवैद्यांकडे जाताना उपाशी जाऊ नका. नाश्ता आणि गोळी नेहमीच्या वेळी घ्या, नाहीतर खुर्चीतच साखर उतरायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उपचारांनंतर पंधरा दिवसांत एचबीएवनसी करायला येऊ नका. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि हा आकडा त्यांच्यावर चढलेल्या साखरेचा असतो, त्यामुळे इतक्या लवकर खरा फरक दिसणार नाही आणि तुमचे पैसे जातील. तीन महिन्यांनी या. अंगात रक्त कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर नमुना देतानाच सांगा, कारण त्याने आकडा चुकू शकतो. आजचा रिपोर्ट जपून ठेवा आणि दंतवैद्यांकडे जाताना सोबत न्या.