उशी कोणत्या रंगाची?

न्यूझीलंडमधल्या अनेक रुग्णालयांत उशांचे अभ्रे दोन रंगांचे असतात. एका रंगाची उशी फक्त डोक्याखाली जाते. सुजलेला पाय उंच ठेवायला किंवा कमरेला टेकू द्यायला दुसऱ्या रंगाची घ्यायची. अंग पुसायच्या फडक्यांचंही तसंच, डोक्याचं वेगळं आणि बाकी अंगाचं वेगळं. खर्च जवळपास शून्य. पण एवढी साधी गोष्ट व्हायला कित्येक दशकं लागली. तोवर पायाखालची उशी काढून तीच डोक्याखाली सरकवली जायची आणि मूलनिवासी माओरी रुग्ण गप्प बसायचा.

माओरी माणसाच्या लेखी डोकं ‘तापू’ असतं. हा शब्द भाषांतराला दाद देत नाही. ‘पवित्र’ म्हटलं तर अर्धाच अर्थ येतो, ‘सोवळं’ म्हटलं तर भलताच येतो. जपायचं, वेगळं ठेवायचं, उगाच हात लावायचा नाही, असं काहीसं. त्याच्या उलट ‘नोआ’, म्हणजे रोजच्या वापरातलं, मोकळं. अन्न नोआ असतं, शरीरातून बाहेर पडणारं रक्त वगैरे तापू. म्हणून जेवणाच्या टेबलावर बेडपॅन ठेवायचं नाही आणि रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रिजमध्ये जेवणाचा डबा ठेवायचा नाही. यातल्या काही गोष्टी जंतुसंसर्ग टाळायच्या नियमांशी हुबेहूब जुळतात. ते पाहून ‘बघा, यात विज्ञान होतंच’ म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. उशीच्या रंगामागे कुठलाही जंतू नाही. तरीही तो रंग उपचाराचाच भाग आहे.

वारेची, म्हणजे प्लासेंटाची, गोष्ट याहून बोलकी आहे. माओरी भाषेत जमिनीला ‘फेनुआ’ म्हणतात आणि बाळाच्या वारेलाही ‘फेनुआ’च. बाळ जन्मलं की वार पूर्वजांच्या जमिनीत पुरायची, म्हणजे ते मूल त्या मातीचं झालं. बाळंतपणं रुग्णालयात होऊ लागली तशी वार बाकीच्या जैविक कचऱ्याबरोबर भट्टीत जाऊ लागली. दुष्टावा कुणाच्या मनात नव्हता. विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

१९८८ साली क्राइस्टचर्चमध्ये माओरी परिचर्या-विद्यार्थ्यांची बैठक भरली होती. कायदेशीर सुरक्षितता, नैतिक सुरक्षितता, उपचारांतली सुरक्षितता अशी चर्चा चालू असताना पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने तो शब्द उचलला आणि २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. १९९२ मध्ये देशाच्या परिचर्या परिषदेने हा विषय सक्तीचा केला, परीक्षेत त्याला २० टक्के वाटा दिला. मग वर्तमानपत्रांतून एकच ओरड झाली. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं.

ओरड का झाली असेल? परिचारिकांनी माओरी चालीरीती पाठ कराव्यात, एवढंच रॅम्सडेन म्हणत असत्या तर फारसं कुणी चिडलं नसतं. पण अशा याद्यांवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. सगळे माओरी सारखे नसतात. एखाद्याला उशीचं काहीच वाटणार नाही, आणि यादी घोकलेली परिचारिका त्याच्यावर त्याचीच संस्कृती लादून मोकळी होईल. त्यांची मागणी जास्त अवघड होती. आधी स्वतःकडे बघा, आपण समोरच्याबद्दल काय गृहीत धरून बसलोय ते तपासा. आणि मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही, याचा निकाल रुग्ण देईल. वर्षानुवर्षं घासून पदवी मिळवलेल्या माणसाच्या घशाखाली हे शेवटचं वाक्य सहजी उतरत नाही.

याद्या का पुरत नाहीत, ते कॅनडातल्या एका मृत्यूवरून कळतं. २००८ च्या सप्टेंबरात विनिपेगच्या एका मोठ्या रुग्णालयात ४५ वर्षांचा एक मूलनिवासी माणूस व्हीलचेअरवरून आला. दोन्ही पाय कापलेले. लघवीची नळी तुंबलेली. दवाखान्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी जवळ. तातडीच्या विभागाच्या प्रतीक्षागृहात तो ३४ तास बसून राहिला. मध्ये त्याला उलटी झाली. आजूबाजूच्या लोकांनी कर्मचाऱ्यांना सांगूनही पाहिलं. दारू उतरायची वाट बघतोय किंवा थंडीपासून आसरा शोधतोय, असं बऱ्याच जणांनी धरून चाललं. डॉक्टर त्याच्यापाशी पोचले तेव्हा शरीर ताठरायला लागलं होतं. मूत्राशयाचा संसर्ग पसरून तो गेला. नळी बदलणं आणि प्रतिजैविकं, एवढ्यावर भागलं असतं.

इथे कुठली चालरीत मोडली? एकही नाही. इथे मोडला तो विचार करायचा क्रम. गर्दीच्या विभागात निर्णय काही सेकंदांत घ्यायचे असतात, म्हणून मेंदू ओळखीचा साचा शोधतो. पहिला अंदाज एकदा मनात बसला की पुढची लक्षणं त्या अंदाजाच्या बाजूने साक्ष द्यायला लागतात. उलटी झाली? दारूच असणार. मान टाकली? झोपलाय. हा निदानातला दोष आहे, वागणुकीतला असभ्यपणा नव्हे. त्यावरचा उतारा म्हणजे अंदाज मोडायची सवय, आणि ती रॅम्सडेन मागत होत्या त्यापेक्षा फार वेगळी नाही.

जगात ९० देशांत मिळून सुमारे ४७.६ कोटी मूलनिवासी राहतात. दवाखान्याबद्दलची त्यांची धास्ती पुष्कळदा अज्ञान म्हणून निकालात काढली जाते. ती आठवण असते. कॅनडाच्या उत्तरेत १९५० च्या दशकात ‘सी. डी. हाउ’ नावाचं जहाज इन्युइट या तिथल्या मूलनिवासींच्या वस्त्यांपाशी यायचं. जहाजावरच छातीचा एक्स-रे व्हायचा. क्षय निघाला तर माणसाला परत किनाऱ्यावर उतरू देत नसत; घरच्यांचा निरोप घ्यायलाही नाही. थेट दक्षिणेतल्या क्षय रुग्णालयात. तिथे काहीजण दगावले, आणि त्यांना पुरलं कुठे हे घरी कधी कळलंच नाही. २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली. यातला चमत्कारिक भाग असा, की निदान बरोबर होतं आणि औषधंही बरोबर होती.

पुढे जहाजाची जागा विमानाने घेतली. इन्युइट बायकांना बाळंतपणाच्या कित्येक आठवडे आधी एकटीने दक्षिणेच्या शहरात पाठवायचे. हेतू चांगला. पण मागे घरी लहान मुलं, सोबत कुणी नाही, भाषा परकी. क्वेबेकच्या उत्तर टोकाला नुनाविकमध्ये पुविर्निटुक गावच्या बायकांनी हे नाकारलं आणि १९८६ मध्ये तिथे प्रसूतिगृह उघडलं. इन्युइट मुली तिथेच अनुभवी सुइणींच्या हाताखाली शिकून सुइणी झाल्या. सिझेरियनची सोय गावात नाही. तशी वेळ आली तर विमानच. म्हणून प्रत्येक गरोदर बाईबद्दल सुइणी, परिचारिका आणि डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, हिचं इथे होईल की हिला पाठवायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा जुगार वाटतो. पण गाव विचारतं की घरापासून शेकडो मैल लांब, एकटीने, कुणाचा हात धरायला नसताना बाळंत होणं, हा धोका तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिता?

धोका कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार, हाच सगळीकडचा प्रश्न. पेरूमधल्या आयाकुचो भागात तो एका दोरामुळे सुटला, निदान बराचसा.

आयाकुचोच्या डोंगराळ मुलखात मूलनिवासी केचुआ बायका बाळंतपणाला सरकारी केंद्रात जायच्याच नाहीत. तिथे त्यांना कपडे उतरवून, थंडगार खोलीत, उंच टेबलावर उताणं झोपवायचे. बोलणं सगळं स्पॅनिशमध्ये. नवरा आणि आई दाराबाहेर. केचुआ समजुतीप्रमाणे कळा देणारं अंग उबदार राहायला हवं, आणि बाळ खाली यायचं तर बाईने उकिडवं बसायला हवं, दोराला लटकून, मागून नवऱ्याने कमरेला मिठी घातलेली. शिवाय १९९६ ते २००० या काळात सरकारी मोहिमेत देशभर अडीच लाखांहून जास्त बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यात केचुआ बायका फार मोठ्या संख्येने, आणि कित्येकींची खरी संमती घेतलेलीच नव्हती. पांढऱ्या कोटावर विश्वास कसा बसणार?

तिथल्या एका तालुक्यात आरोग्य कर्मचारी, बायका आणि गावातल्या पारंपरिक सुइणींनी मिळून बाळंतपणाची खोलीच बदलली. छताला दोर बांधला. बसायला ठेंगणा बाक आणला. घरच्यांना आत घेतलं. बोलणं केचुआतून होऊ लागलं. निर्जंतुक हातमोजे, रक्तस्राव थांबवायची औषधं, पुढे पाठवायची व्यवस्था, हे सगळं होतं तसंच राहिलं. १९९९ मध्ये तिथली ६ टक्के बाळंतपणं आरोग्यकेंद्रात होत होती. २००७ मध्ये ८३ टक्के. हा आधी-नंतरचा हिशोब आहे, तेव्हा सगळं श्रेय दोराला देता येत नाही. पण आकडा विसरताही येत नाही. २००५ मध्ये पेरूच्या आरोग्य मंत्रालयाने उभ्याने किंवा बसून होणाऱ्या बाळंतपणाची नियमावलीच काढली.

शरीरशास्त्र काय म्हणतं? भीती आणि थंडी यांनी ॲड्रिनॅलिन वाढतं आणि कळांचा जोर ओसरू शकतो. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं. उभ्याने किंवा बसून बाळंत होणाऱ्या बायकांत चिमटा लावायची आणि छेद घ्यायची वेळ कमी येते, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. रक्तस्राव मात्र थोडा जास्त होण्याची शक्यता त्याच चाचण्यांत दिसते. म्हणजे दोर हा जादूचा नाही. त्याचेही हिशोब ठेवावे लागतात. पण उताणं झोपवण्याची रीत तरी कुठे निसर्गनियम होती? तीही एक संस्कृतीच, डॉक्टरांच्या सोयीची.

आतापर्यंतची उदाहरणं तशी सोपी आहेत. दोर बांधला, अभ्रा बदलला, काम झालं. अमेरिकेतल्या मूलनिवासी नावाहो लोकांपाशी आलं की डॉक्टरी नीतिमत्तेचीच कोंडी होते. आधुनिक वैद्यकात शस्त्रक्रियेपूर्वी सगळे संभाव्य धोके रुग्णाला स्पष्ट सांगावे लागतात. नावाहो विचारात ‘होझो’, म्हणजे सुसंवाद आणि मांगल्य, जपायचं असतं, आणि शब्दाला घडवायची ताकद असते. ‘तुम्ही टेबलावरून परत न येण्याची शक्यता आहे’ हे डॉक्टर बोलला, म्हणजे त्याने ते बोलावून घेतलं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नावाहो लोकांनी संशोधकांना हेच सांगितलं. मग काय करायचं? न सांगता कापायचं? तेही नाही. तिथे रुळलेले डॉक्टर वाट काढतात ती अशी: आधी विचारायचं की तुम्हाला किती ऐकायचंय, आणि धोका सांगायचाच तर कुणा तिसऱ्याच्या नावाने. ‘ही शस्त्रक्रिया केलेल्या काही लोकांना असा त्रास झाला होता.’ समोरच्याचं नाव त्या वाक्यात येत नाही.

हे अगदीच हसण्यावारी न्यायचं नाही. औषध नसलेल्या गोळीनेही बरं वाटतं, तो प्लसीबो. त्याचा एक काळा भाऊ आहे, नोसीबो: त्रास होणार या नुसत्या अपेक्षेनेच होणारा त्रास. २०२० मध्ये लंडनमध्ये ६० जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी त्रास देते म्हणून या सगळ्यांनी ती सोडली होती. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने नुसती दिखाऊ गोळी, काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनने जेवढा त्रास वाढला, त्याच्या ९० टक्के त्रास दिखाऊ गोळीनेही वाढला. होझो म्हणजे नोसीबो नव्हे, आणि प्रयोगशाळेच्या शिक्क्याची त्याला गरजही नाही. पण ‘नुसत्या बोलण्याने काय होतंय’ म्हणणारा डॉक्टर इथे खोटा पडतो.

शेवटी मूत्रपिंडांची गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, ॲलिस स्प्रिंग्जपासून ५०० किलोमीटरहून लांब, किंटोर नावाची वस्ती आहे. तिथल्या मूलनिवासी पिंटुपी लोकांत मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण फार. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास, तेही ॲलिस स्प्रिंग्जमध्ये. म्हणजे गाव कायमचं सोडायचं. म्हाताऱ्यांची जागा गावात मानाची. ते गेले की गाणी, विधी, जमिनीचं ज्ञान पुढच्या पिढीला कोण देणार? काहीजण यंत्र सोडून मरायला घरी परतत. डॉक्टरांच्या कागदावर याला ‘उपचार नाकारला’ म्हणतात.

यंत्र वाळवंटात न्यायला अडचणी खऱ्याच होत्या. एका डायलिसिसला शंभराहून जास्त लिटर अतिशुद्ध पाणी लागतं, आणि वीज मध्येच जाऊन चालत नाही. पिंटुपी चित्रकारांनी चार मोठी चित्रं एकत्र बसून रंगवली. २००० साली सिडनीत बाकीच्या चित्रांबरोबर त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. २००४ मध्ये किंटोरला पहिलं डायलिसिस सुरू झालं. ते चालवणाऱ्या संस्थेला आज सगळे ‘पर्पल हाउस’, म्हणजे जांभळं घर, म्हणतात. तिच्याकडे एक जांभळा ट्रकही आहे, आत डायलिसिसच्या खुर्च्या बसवलेला. कुणाच्या वस्तीत मयत झालं की ट्रक तिकडे निघतो; नातेवाईक दुःखाला बसलेले असतात, आणि बाहेर ट्रकमध्ये एकेकाचं रक्त यंत्रातून फिरून परत त्याच्या अंगात येत असतं.