पुरवण्या लावल्या की मार्क वाढतात?

"परीक्षक वाचत नाहीत, पानं मोजतात. पुरवण्या लावा, मार्क मिळतील." परीक्षा जवळ आली की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कॉलेजांत हा सल्ला फिरू लागतो. तो खरा वाटायला कारणही आहे: ज्याला जास्त येतं, तो बहुधा जास्त लिहितो. पण मार्क मुद्द्यांना असतात.

'जांभा खडक कसा तयार होतो?' हा प्रश्न घ्या. एकाने लाल माती, हापूस, चिऱ्याची घरं यांवर तीन पानं भरली. दुसरीने अर्ध्या पानात लिहिलं: उष्ण हवामान, भरपूर पाऊस, मूळ खडकातली सिलिका विरघळून वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात, लोहामुळे रंग तांबडा. विचारलेल्याचं उत्तर दुसरीनेच दिलंय. तिने देवगडच्या सड्याचं, म्हणजे तिथल्या जांभ्याच्या पठाराचं, उदाहरण जोडलं असतं तर आणखी उत्तम. तेवढा विस्तार कामाचाच.

खात्री करायची तर निकालानंतर तपासलेल्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. माहिती अधिकार कायदा, २००५ खालीही ती मागता येते. शेजारी मैत्रिणीची ठेवा आणि एकेका उपप्रश्नाचे मार्क ताडून पाहा. घाईत तपासलेले पेपरही असतात. तसं आढळलं तर मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा.