सित्रोएन आमी ६

सित्रोएन आमी ६ ही १९६१ ते १९६९ या काळात बनलेली फ्रेंच छोटी कौटुंबिक मोटार. सित्रोएनच्याच स्वस्त, खेडवळ २सीव्ही आणि महागडी डीएस या गाड्यांमधली मोकळी जागा भरण्यासाठी ती काढली. या तिन्ही गाड्यांचे रूप फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराच्या हातचे.

आमी ६ ओळखू येते ती उलट्या उताराच्या मागच्या काचेवरून. हा नखरा नव्हे, हिशेब आहे. कंपनीप्रमुख प्येर बेर्को यांना गाडी चार मीटरच्या आत हवी होती आणि मागे पाचवा दरवाजा नको होता. तो त्यांना मालवाहू गाडीचा वाटे. काच खालून आत घेतल्यामुळे छप्पर मागच्या प्रवाशांच्या डोक्यावर पुरेसे लांब राहिले आणि डिकीचे तोंडही मोठे झाले. शिवाय काच सपाट, म्हणून स्वस्त. तिच्यावर पाऊस-बर्फ साचत नाही. आयताकृती दिव्यांमध्ये खोलगट दबलेले बोनेट मात्र इतक्या सहज पटत नाही.

यांत्रिक भाग २सीव्हीच्याच घराण्यातला: पुढच्या चाकांना गती देणारे ६०२ घ.सें.मी.चे हवेने थंड होणारे दोन आडव्या सिलिंडरांचे इंजिन, सुरुवातीला सुमारे २२ अश्वशक्तीचे. पुढचे-मागचे सस्पेन्शन दोन्ही बाजूंना स्प्रिंगांनी जोडलेले, त्यामुळे खड्ड्यातून गाडी आपटत नाही, डुलत जाते.

दोन्ही प्लग एकदमच ठिणगी देतात, म्हणून ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर नाही. पण पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क, पंख्याच्या मागे बसवलेले आहेत, ०.४ मि.मी.ची फट लावायची तर आधी जाळी आणि पंखा उतरवा. तिथलाच ऑइल कूलर पाला-धुळीने तुंबला की तेल तापते. किंगपिनना, म्हणजे पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खुंटांना, दर हजारेक किलोमीटरला ग्रीस लागते, नाहीतर ते झिजून चाकांत ढिलेपणा येतो. चासीचे पत्रे पेटीसारखे बंद असल्याने ओल आत कोंडते आणि गंज आतून धरतो. वरून रंग शाबूत दिसतो, टोचणी लावली की आरपार जाते.

१९६४ मध्ये एस्टेट, म्हणजे छप्पर मागपर्यंत नेलेली आणि मागे दरवाजा असलेली आवृत्ती, आली आणि लवकरच सेडानपेक्षा जास्त खपू लागली. १९६६ मध्ये आमी ६ फ्रान्समधली सर्वाधिक खपाची मोटार होती. १९६९ च्या आमी ८ ची मागची काच चारचौघींसारखी उतरती झाली आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. पाचवा दरवाजा सेडानला तेव्हाही मिळाला नाही. हवा असेल तर एस्टेटच घ्यावी लागे.