काळबादेवीची काळी वाळू आणि लंकेचा नीलम

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळूत काळे पट्टे दिसतात बघा, लहानपणी मला वाटायचं बोटीतून ऑइल सांडलंय. मूठभर उचलली की कळतं, ही वाळू चांगलीच जड आहे. त्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम. आणि नीलमाला निळा रंग देणारी जोडी हीच!

नीलम मुळात कोरंडम, म्हणजे फक्त ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. शुद्ध असेल तर बिनरंगी. त्यात चिमूटभर लोखंड-टायटॅनियम शिरलं की लोखंडाचा इलेक्ट्रॉन शेजारच्या टायटॅनियमवर उडी मारतो, त्यासाठी उजेडातला पिवळा-तांबडा भाग गिळतो आणि आपल्याला उरतो तो निळा. (क्रोमियम शिरलं तर माणिक.)

ॲल्युमिनियम तर आपल्याकडेही आहे, बॉक्साइट रत्नागिरी जिल्ह्यातच सापडतं. पण जांभा न् बॉक्साइट दोन्ही पावसाने खडक कुजून झालेले, आणि नीलमाला जमिनीच्या पोटात प्रचंड उष्णता न् दाब लागतो, वर आसपास मोकळी सिलिका (म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन) असून चालत नाही, कारण मग ॲल्युमिनियम तिच्याशीच जुळून दुसरंच खनिज होतं. लंकेत हे सगळं 50 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी जुळून आलं.

नावात रत्न आपल्या रत्नागिरीच्याही आहे, पण खाणी तिकडे रत्नपुऱ्यात. डोंगर झिजून खडे नदीत आले आणि जड म्हणून गाळाच्या तळाशी बसले, लाटा हलकी वाळू नेतात न् काळी मागे ठेवतात अगदी तसंच. त्या थराला तिथे 'इल्लम' म्हणतात, तो टोपलीत घालून पाण्यात फिरवत धुतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधला 422.99 कॅरेटचा लोगन नीलम लंकेचाच. 1926 साली पेलमदुल्लाला सापडलेला 392.52 कॅरेटचा 'ब्लू बेल ऑफ एशिया' 2014 मध्ये जिनिव्हात 1 कोटी 70 लाख डॉलरच्या वर गेला.

मला सगळ्यात आवडतो तो 'स्टार ऑफ इंडिया', नाव भारताचं पण दगड लंकेचा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 563.35 कॅरेट, म्हणजे जवळपास 113 ग्रॅम, लिंबाएवढा! 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियममधून चोरीला गेला, पुढच्या वर्षी मायामीच्या बस स्टँडवरच्या लॉकरमध्ये मिळाला. त्याच्यावर उजेड पडला की सहा किरणांचा तारा उमटतो, आत रुटाइलच्या केसाहून बारीक सुया तीन दिशांना लागलेल्या असतात म्हणून. आणि रुटाइल म्हणजे परत टायटॅनियमच.