टॉक एच : एका लेफ्टनंटच्या नावाचं घर

कोचीत टॉक एच नावाची शाळा आहे, इंजिनिअरिंग कॉलेजपण आहे. हे विचित्र नाव मुळात पहिल्या महायुद्धात गेलेल्या एका पोराच्या आडनावावरून आलंय.

30 जुलै 1915 ला बेल्जियममधे ईपर शहराजवळ जर्मनांनी पहाटे ब्रिटिश खंदकांवर चक्क आगीचे फवारे सोडले, खंदक गेले, आणि ते परत घ्यायला दुपारी जी तुकडी पुढे धावली त्यात लेफ्टनंट गिल्बर्ट टॅलबॉट होता. वय 23, वडील विंचेस्टरचे बिशप. त्याचा भाऊ नेव्हिल सैन्यातच पाद्री, तो स्वतः जाऊन मृतदेह शोधून आला.

त्याच डिसेंबरात नेव्हिलच्या हाताखालच्या फिलिप क्लेटन ह्या पाद्र्यानं (सगळे टबी म्हणायचे) ईपरच्या मागे साधारण 12 किलोमीटरवर पॉपरिंग गावात हॉप्सच्या (बिअरमधे घालतात ती फुलं) एका व्यापाऱ्याचं घर भाड्यानं घेतलं आणि सैनिकांना टेकायला जागा केली, नाव टॅलबॉट हाऊस. चहा, पियानो, बाग, माळ्यावर प्रार्थनेची जागा, तिथे सुताराचं जुनं बाकडं हीच वेदी. क्लेटनच्या खोलीवर पाटी होती, हुद्दा बाहेर ठेवूनच आत या अशा अर्थाची, म्हणजे साहेब आणि साधा शिपाई शेजारी शेजारी बसणार. लायब्ररीचं डिपॉझिट तर भारीच, पुस्तक न्यायचं तर डोक्यावरची टोपी ठेवून जा! बिनटोपीचा सैनिक बाहेर फिरणार कुठे, पुस्तक परत यायचंच.

आता बिशपच्या मुलाच्या जागी एखाद्या खाणकामगाराचा मुलगा असता तर घराला त्याचं नाव मिळालं असतं का, मला तरी शंकाच आहे. पण तिथे येऊन गेलेल्या आणि नंतर न परतलेल्या कितीतरी जणांसाठी ते नाव आपलंच झालं हेही तितकंच खरं.

सैन्यातले सिग्नलवाले टी ला टॉक म्हणायचे, म्हणून टॅलबॉट हाऊसच्या टी एच चं झालं टॉक एच. युद्धानंतर क्लेटननं त्याच नावानं लंडनमधे तरुणांसाठी हॉस्टेल काढलं, मग इतर शहरांत, 1922 मधे ह्या टॉक एच संस्थेला ब्रिटनच्या राजाची सनद मिळाली आणि शाखा जगभर गेल्या. नुसती वर्गणी भरून मेंबर होता यायचं नाही, काहीतरी सेवा अंगावर घ्यावीच लागायची. पॉपरिंगचं घर पुढे लॉर्ड वेकफिल्ड ह्या ब्रिटिश उद्योगपतीच्या पैशातून विकत घेतलं, आज तिथे म्युझियम आहे आणि राहायला खोल्याही मिळतात.