घरगुती सँडब्लास्टर : जुन्या मोटारीसाठी निवड

दाबाखालच्या हवेच्या झोतातून बारीक, कठीण कण पत्र्यावर मारून गंज आणि जुना रंग काढणारे लहान उपकरण. या पद्धतीचे पेटंट अमेरिकेतील बेंजामिन च्यू टिल्घमन याने १८७० मध्ये घेतले. नावात सँड असली तरी आज त्यात वाळू घालू नये.

गोव्यात या उपकरणाची गरज भासते ती हवेमुळे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात युरोपातून आलेल्या मोटारी, नंतरच्या प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडर अशा गाड्या अजूनही अनेक घरांच्या अंगणात उभ्या आहेत. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यांना आतून खातो : मडगार्डची आतली कड, दाराचा तळ, बॅटरीखालचा पत्रा. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश वरचा गंज घासून चकचकीत करतो, पण टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यांतला काळा गंज तसाच राहतो आणि वर्षभरात नव्या रंगाला फुगवून वर येतो. त्या खड्ड्याच्या तळापर्यंत कणांचा झोत पोचतो.

खरेदी करणारा बहुधा आधी कण फेकणारी बंदूक पाहतो. खरे तर आधी हवा दाबून पुरवणारा कॉम्प्रेसर पाहायला हवा. ३ मिमी भोकाच्या नोझलला, म्हणजे झोत बाहेर सोडणाऱ्या तोटीला, साडेपाच बार दाबावर मिनिटाला सुमारे १५ घनफूट हवा लागते. २ मिमीला साडेसहाच्या आसपास. घरच्या सिंगल फेजवर चालणारा २ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात पाच-सहा घनफूटच देतो. त्याच्या पाटीवर बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन कागदावर किती हवा ओढतो त्याचा, मोठा आकडा असतो. विकत घेताना ‘फ्री एअर डिलिव्हरी’, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा, किती ते विचारावे. अशा कॉम्प्रेसरला २ मिमीच्या वरचे नोझल जोडू नये. जोडले तर दहा-पंधरा सेकंद जोर येतो, मग टाकीतला दाब बसतो आणि पुन्हा भरेपर्यंत नुसते थांबून राहावे लागते. नोझल झिजते हेही हिशेबात धरावे. ३ मिमीचे भोक ४ मिमी झाले की हवेची भूक पावणेदोन पट होते. ड्रिलचा दांडा भोकात घालून ही झीज घरीच मोजता येते. साध्या सिरॅमिक नोझलपेक्षा बोरॉन कार्बाइडचे महाग असते, पण टिकते.

उपकरणाचे प्रकार मोजकेच आहेत. सक्शन गन डब्यातून कण ओढून घेते. स्वस्त, हळू, आणि बॅटरी ट्रे किंवा कडेच्या सांध्यासारख्या लहान कामाला पुरेशी. प्रेशर पॉटमध्ये कणांची टाकीच दाबाखाली असते, त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त काम होते. तीन हॉर्सपॉवर आणि त्यापुढचा कॉम्प्रेसर असेल तर पॉटच घ्यावा, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. नट, ब्रॅकेट, कार्ब्युरेटरचे भाग यांसाठी हातमोजे बसवलेले कॅबिनेट उत्तम; त्यात धूळ कोंडून राहते आणि कण पुन्हा वापरता येतात. अख्खी चॅसिस असेल तर घरी हट्ट करू नये, वेर्णा किंवा कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करावी.

गोव्यातली खरी अडचण पाण्याची. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दर घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम वाफ असते. मिनिटाला ८ घनफूट हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासभर चालला तर टाकीत आणि पाइपात पाव लिटरच्या आसपास पाणी साचते. जुलैत टाकीखालची कळ उघडली की पिवळट, गंजमिश्रित पाणी फसकन बाहेर येते. तेच पाणी पुढे गेले तर पॉटमध्ये कणांचे लाडू होतात आणि नोझल गच्च बसते. म्हणून बंदुकीवर दोन पैसे कमी खर्चावेत, पण हवेतले पाणी वेगळे काढणारा वॉटर सेपरेटर चांगला घ्यावा आणि तो कॉम्प्रेसरला चिकटून न लावता लांब पाइपानंतर, हवा थंड झाल्यावर लावावा. चवथीपूर्वी गाडी रंगवायची घाई सगळ्यांनाच असते, तरी हे काम नाताळ ते शिगमो (शिमगा) या कोरड्या दिवसांतच काढावे.

कणांमध्ये ८० मेशचा (चाळणीच्या मापाने बारीक) गार्नेट हा कठीण खनिजाचा चुरा लहान नोझलला मानवतो. ॲल्युमिनियमच्या भागांना काचेचे मणी चांगले. नदीची रेती फुकट मिळाली तरी वापरू नये. तिच्या धुळीतला सिलिका फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरा करणारा उपाय नाही; ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतील ब्लास्टिंगमध्ये वाळूवर बंदी घातली. गार्नेट असला तरी जुन्या रंगातले शिसे उडतेच. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क आणि डोक्यावर हूड हवे. अंगणात विहीर असेल तर ती झाकावी, शेजाऱ्यांना आधी सांगावे.

बॉनेट, छत आणि दाराचा बाहेरचा पत्रा यांवर झोत सरळ धरू नये. कणांचे ठोके पातळ पत्र्याची एकच बाजू ताणतात आणि तो फुगतो. एकदा फुगला की पत्रा ठोकणाऱ्या टिंकरलाही सरळ करणे जड जाते. दाब दोन-तीन बारवर आणून, झोत तिरका ठेवून हात सतत हलवावा. त्याहून बरे म्हणजे अशा मोठ्या सपाट भागांचा रंग केमिकल रिमूव्हरने काढावा.

समुद्राजवळच्या गाडीच्या खड्ड्यांत मीठ उरते. असा पत्रा एकदा ब्लास्ट करून गोड्या पाण्याने धुवावा, लगेच वाळवावा, पुन्हा हलका झोत मारावा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर चढवावा. मधल्या वेळात उघड्या हाताने शिवू नये. घामातल्या मिठाने दुसऱ्या सकाळी तिथे पाचही बोटांचे तांबडे ठसे उठतात.