ट्रान्सफर केस पोत्यात आणू नका, गाडी आणा

धानाची रोवणी सुरू झाली की आमच्या कार्यशाळेत दर आठवड्याला कुणीतरी युरियाच्या पोत्यात ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, बोलीत नुसता ‘ट्रान्सफर’) घालून आणतो आणि "एवढे बांधून द्या, गाडी घरीच उभी आहे" असे सांगतो. पांदण रस्त्यावरून डांबरीपर्यंत आणि तेथून चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या ठिकाणापर्यंत गाडी टोचन करून आणणे किती कटकटीचे आहे, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही हे माहितीपत्रक लिहिले, कारण उतरवून आणलेल्या ट्रान्सफरमध्ये बिघाडाचा निम्मा पुरावा नसतो. तो गाडीच्या टायरांत, शाफ्टमध्ये आणि सांडून टाकलेल्या तेलात राहून गेलेला असतो.

जिप्सी, थार, बोलेरो कॅम्पर आणि जुन्या जीप या आपल्या भागातील गाड्यांत फोर बाय फोर टाकले, म्हणजे चारही चाकांना ताकद दिली, की पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे फिरते दांडे) एकमेकांशी घट्ट जोडले जातात आणि त्यांच्यातील फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल त्यांत नसतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वाटेने जातात. बांधीतील चिखलात किंवा नदीच्या रेतीत टायर थोडा घसरतो आणि हा फरक मोकळा होतो. कोरड्या डांबरावर मात्र टायर घसरत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणाला शाफ्ट आणि ट्रान्सफरमधील साखळी किंवा दाते यांत पीळ साचत जातो. मग स्टेअरिंग जड होते, वळताना गाडी अडखळते आणि फोर बाय फोरचा लिव्हर दगडासारखा बसतो. ग्राहकाला वाटते की ट्रान्सफर जाम झाला. प्रत्यक्षात अशा वेळी बहुधा काहीही तुटलेले नसते. गाडी सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घेऊन लिव्हर हळूच टू व्हीलमध्ये ओढून पाहावा. पीळ सुटला की तो आपोआप येतो. लिव्हरला पाइप अडकवून जोर लावणे टाळावे, कारण त्याने शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा आतला चिमटा) वाकतो आणि मग ट्रान्सफर खरोखरच खोलावा लागतो. मधला डिफरन्शियल असलेल्या मोठ्या ट्रकांतही, त्याचे लॉक लावून डांबरीवर गाडी चालवली तर हेच घडते.

गेल्या श्रावणात एका बोलेरो कॅम्परचा ट्रान्सफर असाच पोत्यात आला. तो गावातच खोलला गेला होता, बेअरिंगमागच्या शिमा (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) हरवल्या होत्या आणि बोल्ट एकमेकांत मिसळले होते. शिमा जुळवण्यात आमचे दोन दिवस गेले. ट्रान्सफर बांधून दिला, गाडीला बसला, आणि त्याच संध्याकाळी फोन आला की लिव्हर पुन्हा अडकतो आहे. शेवटी गाडी बोलावली, तेव्हा पुढचे दोन टायर कोरे आणि मागचे दोन गुळगुळीत झालेले दिसले. कोऱ्या टायरची नक्षी 8 मिलिमीटर आणि झिजलेल्याची 2 मिलिमीटर धरली, तर व्यासात 12 मिलिमीटर आणि घेरात जवळजवळ पावणेचार सेंटिमीटर फरक पडतो. म्हणजे सरळ रस्त्यावरही पीळ भरतच राहतो. चारही टायर सारख्या झिजेचे बसवल्यावर तक्रार संपली. गाडी पहिल्याच दिवशी आली असती तर त्या ग्राहकाचे चार दिवस आणि रोवणीच्या ऐन हंगामातले भाडे वाचले असते, याचे आम्हाला अजूनही वाईट वाटते.

तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आम्ही तेल पांढऱ्या ताटलीत काढतो, उन्हात धरतो आणि बोटाने ढवळून पाहतो. चहासारखे दुधाळ दिसले तर पाणी गेले आहे. नाला ओलांडताना ब्रीदरच्या (ट्रान्सफरमधील हवा आत-बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ते आत ओढले जाते आणि अशा वेळी दुरुस्तीबरोबर ती नळी उंच बांधणेही गरजेचे असते. लोखंडी कण चुंबकाला चिकटतात आणि ते बेअरिंग किंवा दात्यांकडे बोट दाखवतात. चुंबकाला न चिकटणारी, वर्खासारखी चमकणारी राखाडी भुकटी दिसली, तर सैल झालेली साखळी अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरला आतून घासत असण्याचा संशय प्रथम घ्यावा लागतो. हे सगळे एका लिटरभर तेलात वाचता येते, आणि तेच तेल घरी बाभळीच्या बुडाशी ओतून रिकामा ट्रान्सफर आमच्याकडे येतो.

आम्ही फोनवर खर्च सांगत नाही, याबद्दल काहींची नाराजी असते. साखळी बदलताना दोन्ही स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चाके) तपासल्याशिवाय, आणि झिजले असल्यास बदलल्याशिवाय, आम्ही काम घेत नाही, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी लवकर खराब होते. गिअर लोमधून (जास्त जोराच्या, हळू गिअरमधून) सुटत असेल तर फोर्कच्या आधी इंजिन आणि ट्रान्सफरचे माउंटिंग रबर पाहतो. जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सपासून वेगळा, स्वतंत्र रबरांवर टांगलेला असतो आणि कित्येकदा तेवढी रबरे बदलून काम भागते. असे काम छोटे निघाले तर बिलही छोटेच होते. तपासणीचे शुल्क पुढे दुरुस्ती केल्यास बिलात वळते करतो. पावसाळ्यात ताडोब्याचे गाभा क्षेत्र बंद असताना सफारीच्या जिप्सींची गर्दी होते, म्हणून मालकांनी आधी दिवस ठरवून घेतल्यास गाडी आवारात उभी राहत नाही.

टोचन करून आणताना दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडून आणणे सुरक्षित असते; सोडण्यापूर्वी फ्लँजवर (शाफ्टच्या जोडाच्या चकतीवर) रंगाची खूण करावी. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळे मागचा शाफ्ट काढला की तो गाडी धरत नाही. चाकांना दगड लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली जाऊ नये.

गाडी आणणे अगदीच अशक्य असेल, तर ट्रान्सफर न खोलता आणावा, तेल स्वच्छ बाटलीत भरून सोबत ठेवावे आणि चारही टायरांचा घेर सुतळीने मोजून लिहून आणावा. तेल काढताना आधी भरण्याचा प्लग सैल करावा आणि मगच खालचा, कारण वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला तर रिकाम्या ट्रान्सफरची गाडी जागेवरच उभी राहते. गाडी आणणाऱ्यांनी ती खालून धुऊन आणू नये. गळती कोणत्या सीलपासून सुरू झाली, ते वाळलेल्या चिखलावरच्या तेलाच्या ओघळावरून आम्हाला कळते.